अठ्ठावीसच्या आत

"कोणता पाय झाकू ते सांग," हनीफभाई म्हणाला. "माप घेतल्याशिवाय मी कैची लावत नाही."

कमरेपर्यंत तो गाडीच्या बॉनेटमध्ये घुसला होता. मी बाजूले उभा राहून दाढीच्या आरशानं ऊन आत पाडून राहिलो होतो, त्याले दिसावं म्हणून. मे महिना, हिंगणघाट, सकाळचे नऊ. आरसा धरला तो हात भाजत होता.

"पाय नाही बे, पाइप आहे तो."

"दोन आहेत. एक जाड, एक बारीक."

"जाड्याले झाक. तो थंड असते."

"अन् बारीक?"

"तो गरम."

"मग त्याले काय थंडी वाजून राहिली? राहू दे उघडा."

गळ्यातला टेप काढून त्यानं पाइपाचं माप घेतलं, जसं गिऱ्हाइकाच्या गादीचं घेते तसं. लांबी, गोलाई, वळणाच्या जागा. तळहातावर पेनानं आकडे लिहिले.

या गोष्टीले आता सोळा-सतरा वर्षं झाली. मी गुलाब उमाटे, कूलर बनवतो. पत्रा कापायचा, मोटर बसवायची, ताट्यांमध्ये गवत भरायचं, पाणी सोडून दाखवायचं. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तर परीक्षेच्या वेळी आजारी पडले म्हणून. हनीफभाईचं गादी-रजईचं दुकान माझ्या दुकानाले लागून. उन्हाळ्यात मले मान वर करायले वेळ नसते अन् तो माशा मारत बसते. हिवाळ्यात तो कामात बुडते अन् मी त्याच्या कापसावर लोळून त्याले सल्ले देतो. म्हणजे बारा महिने आमच्यातला एक जण रिकामा असतेच, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायले.

पण त्या आठवड्यात मी भर मे महिन्यात दुकानाले कुलूप लावलं. कूलरवाल्यानं मेमध्ये दुकान बंद केलं म्हणून दोन जण घरी विचारायले आले, कोणी वारलं का म्हणून.

कारण होतं माझी पोट्टी, प्रणिता. एकुलती. नागपूरले दिली. तिले आठवा महिना लागला होता अन् आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. माझी बायको बेबी तर एप्रिलपासून तयारीत होती. डिंक आणला, खारका आणल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आतल्या खोलीची भिंत दोनदा सारवली, कारण पहिल्यांदा तिले ती आवडली नाही.

सोमवारी इवायाचा फोन आला. इवाई म्हणजे पोरीचा सासरा, दिगंबरराव ढोमणे. तीस वर्षं दुधाच्या शीतकरण केंद्रात काढली होती त्यानं, सुपरवायझर म्हणून रिटायर झालेला. उंच, ताठ, कमी बोलणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या पेल्याले हात लावून म्हणाले होते, "सोळा." मले वाटलं, किती पेले पायजे ते सांगून राहिले. मी वाढप्याले सोळा पेले आणायले पाठवलं. ते डिग्री सांगत होते.

फोनवर ते म्हणाले, "उमाटे भाऊ, सूनबाईला परवा बाजारात घेरी आली. पंचेचाळीस होतं. घरी आणून एसीत झोपवलं, मग बरं वाटलं."

"आता कशी आहे जी?"

"ठीक आहे. पण तिची सासू म्हणते, अशा उन्हात गाडीनं पाठवायचं नाही. बाळंतपण इथंच करू."

दारात उभी असलेली बेबी माझं तोंड पाहून राहिली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गाडीले एसी आहे ना."

"चालतो?"

"हौ."

चालत नव्हता. गाडी कितव्या हाताची होती देव जाणे, मी ती एका रिटायर कंपाउंडरकडून घेतली होती. एसीचा खटका दाबला की पंखा फिरे अन् तव्यावरून आल्यासारखी हवा येई. आम्ही तो खटका चिकटपट्टी लावून बंद करून ठेवला होता.

"मग असं करा," दिगंबरराव म्हणाले. "शनिवारी या. दुपारी एकला निघायचं."

"सकाळी निघू ना. थंड्यात."

"सकाळी निघून वाटेत बंद पडली तर दुपारच होईल. परीक्षा दुपारीच घ्यायची. मी मागं बसतो, थर्मामीटर घेऊन. बुटीबोरी यायच्या आत पारा अठ्ठावीसच्या वर गेला, की गाडी परत. तिच्या सासूला तसं कबूल केलं आहे मी. चालेल?"

"चालेल जी," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर बेबी एवढंच म्हणाली, "आता?"

भाड्याची एसी गाडी शोधून पायली. लग्नसराई होती. गावात होत्या नव्हत्या त्या सगळ्या गाड्या नवरदेवांनी धरल्या होत्या. नागपूरहून इवायाले गाडी करायले सांगणं बरं दिसत नव्हतं, पोरीले माहेरच्यांनी न्यायचं असते. रेल्वेच्या डब्यात चढ-उतर तिच्या सासूले नको होती, अन् खरं सांगतो, मलेही नको होती.

मंगळवारी पहाटे वर्ध्याले गेलो. तिथल्या एसीवाल्यानं गॅस भरला, कान लावला, हात लावला अन् म्हणाला, "थंडी तयार होते तुमच्या गाडीत. पण हा जाड पाइप सायलेन्सरच्या अंगावरून जाते. याच्यावरचं कवच सडून गेलं. इंजिनाची सगळी धग हा पिते, अन् थंडी वाटेतच मरते. नवीन कवच मागवावं लागेल. पंधरा दिवस."

माझ्याकडं चार होते. म्हणून बुधवारी हनीफभाई बॉनेटमध्ये.

पहिल्या दिवशी त्यानं सरळ रजईच शिवली. पिंजलेला कापूस, वरून खादी, मधून टाके. पाइपाले ती अशी बसली की बेबी म्हणाली, आता याले काजळाचं बोट लावा. आम्ही गाडी सुरू केली, एसी लावला अन् गावाबाहेर चक्कर मारून आलो. पंधरा मिनिटं बरं वाटलं. मग पुन्हा तीच तव्यावरची हवा.

बॉनेट उघडलं तर रजईतून पाणी ठिबकून राहिलं होतं. थंड पाइपाले बाहेरून घाम येते ना, तो सगळा कापसानं पिऊन घेतला होता. हनीफभाईनं पिळली तर पाऊण तांब्या पाणी निघालं.

"माझ्या रजईत माणसाले घाम येते हे ऐकलं होतं," तो म्हणाला. "पाइपाले यायले लागला."

"कापूस चालत नाही म्हणजे."

"कापसाले नाव नको ठेवू. तुझ्या पाइपाले ताप आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फ्रिज-टीव्हीच्या दुकानामागं गेलो. तिथं पॅकिंगचा पांढरा फोम पडलेला असते, तो पातळ, लवचीक, पाणी न पिणारा. मी बादलीत बुडवून पायला. कोरडाच निघाला. तो गुंडाळून आणला. त्याच्या पट्ट्या कापल्या, पाइपावर तीन घड्या मारल्या, एक सांधा दुसऱ्या सांध्यावर येणार नाही अशा. वरून सायकलच्या ट्यूबचे बंद. त्याच्यावर स्वयंपाकाचा चांदीसारखा कागद, चमकती बाजू इंजिनाकडं. सर्वात वरून हनीफभाईनं रेक्झिन शिवलं. दाभण घेऊन तो दोन तास बॉनेटमध्ये वाकून होता. सायलेन्सर अन् पाइपाच्या मधात मी कूलरच्या पत्र्याचा एक तुकडा वाकवून बसवला, आच थेट लागू नये म्हणून. डॅशबोर्डखाली जी थंडीची पेटी असते तिच्या फटींमधून गार हवा पायात पळून जात होती. तिथंही फोमच्या चिंध्या ठोसल्या.

हनीफभाईनं रेक्झिनच्या काठाले मरून रंगाची गोट लावली.

"कोणाले दिसणार आहे तिथं?" मी विचारलं.

"मले माहीत राहील ना."

गाडी सुरू केली. थर्मामीटर आमच्याकडं कुठलं. बेबी घरातून पातळ तुपाची वाटी घेऊन आली. मे महिन्यात आमच्याकडं तूप पाण्यासारखं असते. तिनं वाटी समोरच्या जाळीपाशी धरली अन् आम्ही तिघं काचा लावून गाडीत बसून राहिलो. हनीफभाई मागं तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटत होता, दुआ असावी नाही तर शिव्या.

वीस मिनिटांनी बेबीनं वाटी तिरपी केली. तूप हललं नाही.

"थिजलं," ती म्हणाली. मग वाटीकडं पाहतच म्हणाली, "आणा माझी पोरगी."

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

शुक्रवारी माझं डोस्कं चाललं. मी कूलरवाला. तीस वर्षं लोकांले एकच गोष्ट सांगत आलो, कूलर उन्हात ठेवू नका. त्याच्या पाठीले सावली करा, ताटी टाका, गोणपाट टाका, नाही तर झळा आत ओढून घेते अन् सगळी मेहनत मातीत. एसीची एक जाळी गाडीच्या एकदम पुढं असते, नाकापाशी. दुपारच्या सगळ्या झळा तिच्या तोंडावर. मी हनीफभाईले म्हटलं, "हिले उघडं ठेवणं बरं नाही."

"ही कोण?"

"ही एसीचीच जाळी आहे. हिच्यापुढं एक पडदा शिवून दे. रेक्झिन, आतून फोम, बाहेरून चांदीचा कागद."

तो जाळीसमोर उकिडवा बसला. "वर्ध्याच्या माणसानं सांगतलं का?"

"त्यानं पाइपाचं सांगतलं."

"मग हे कोण सांगून राहिलं?"

"मी सांगून राहिलो. तीस वर्षं कूलर बनवले, भाऊ. थंडीच्या यंत्राले सावली पायजे म्हणजे पायजे."

"हवा जायले जागा?"

"खाली चार बोटं ठेव."

त्याले पटलं नव्हतं. पण रिकामा होता. त्यानं शिवून दिलं, बाळाच्या लाळेऱ्यासारखं, दोन्ही बाजूंनी नाड्यांचं. त्यालेही मरून गोट.

शनिवारी पहाटे साडेपाचले मी एकटा निघालो. बेबी घरीच राहिली, पोरीचं स्वागत तिले करायचं होतं. गाडीत अशी थंडी की जांबच्या चौकापर्यंत मी दुपट्टा अंगावर घेतला. सूर्य वर यायचा होता हे माझ्या लक्षात आलं नाही. मी आपला लाळेऱ्यावर खूश.

नागपूरले दिगंबरराव दारातच उभे होते, पांढरा शर्ट, खिशात काचेचं लांब थर्मामीटर. गाडीत डोकं घातलं, दोन मिनिटं थर्मामीटर धरून ठेवलं अन् म्हणाले, "बावीस."

"आहे ना जी?"

"सकाळ आहे," ते म्हणाले.

विहीणबाईंनी जेवायले घातलं. मग पोरीची ओटी भरली, तिच्या पाठीवरून हात फिरवला अन् माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटून घेऊ नका. त्या दिवशी तिला रस्त्यावर बसलेली पाहिली मी, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही माझा." बाई खोटं बोलत नव्हती.

प्रणिता मले बारीक वाटली. पोट पुढं, अन् बाकी सगळी हडकलेली. "बाबा, आई काय करून राहिली?" एवढंच विचारलं तिनं अन् गप्प बसली. तिच्या खोलीत एसी होता, खिडक्या बंद, पडदे बंद, पंख्याचाही आवाज नाही.

बरोबर एकले निघालो. मी गाडीवर, मागं प्रणिता अन् इवाई. त्यांच्या एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात पोरीचं मनगट, वैद्यासारखं धरलेलं.

"तेवीस," अजनीपाशी ते म्हणाले.

"चोवीस," खापरीपाशी.

बाहेर डांबर चमकत होतं. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खापरी सुटलं अन् प्रणिता बोलायले लागली. आधी हळूच, सासऱ्याशी. मामाजी, तो पिवळा बंगला पाहा, तिथं आमची सहल आली होती. मामाजी, बाबांनी मले पहिल्यांदा नागपूर दाखवलं तेव्हा मी संत्र्याच्या सालीचा रस यांच्याच डोळ्यात उडवला होता.

"यायच्या बसमध्ये पूर्ण रस्ता मी एका डोळ्यानं पायला," मी म्हटलं.

"अन् आईनं मलेच विचारलं, बाबा कोणाले डोळा मारून राहिले."

ती हसली. मी आरशात पायलं. इवायांचं तोंड तसंच. "पंचवीस," ते म्हणाले.

दहा मिनिटांनी मले मानेमागं घाम आला. हात आतल्या जाळीपुढं धरला तर हवा येत होती, पण सकाळचा तिचा तो गारवा उरला नव्हता. मी पंखा वाढवला. काही फरक नाही. बुटीबोरी आणखी आठ-नऊ किलोमीटर. मी मनात म्हटलं, भैताडा, भीतीनं घाम फुटला तुले.

"किती जी?" मी विचारलं.

मी पुन्हा आरशात पायलं. इवायांनी थर्मामीटर डोळ्यापाशी नेलं होतं अन् तोंड उघडलं होतं. मी स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. म्हटलं, आता निघते आकडा.

तेवढ्यात प्रणितानं काचेवर बोट टेकवलं. "मामाजी, हे पाहा. इथून आमच्याकडची काळी माती लागते. पावसाळ्यात अशी चिकटते ना, चप्पल तिथंच ठेवून घरी जावं लागते."

"सव्वीस," इवाई म्हणाले.

मी श्वास सोडला. बुटीबोरी आली. चौकातल्या घड्याळात पावणेदोन. इवाई म्हणाले, "सव्वीस. चला पुढं." म्हणजे मी पास. माझ्या शर्टाची पाठ सीटले चिकटली होती, पण मी म्हटलं, पास झालेल्या माणसालेही घाम येते.

त्यानंतर दर दहा मिनिटांनी मागून "सव्वीस", कधी "सत्तावीस". प्रणितानं पायातली चप्पल काढून पाय वर घेतले होते अन् बोलणं थांबत नव्हतं. इवायांनी माझा दुपट्टा मागून घेतला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं अन् तिच्या खांद्यावर ठेवला. "सवय म्हणून," असं काही तरी म्हणाले. मी तेव्हाही विचार केला नाही की सव्वीस डिग्रीत ओला दुपट्टा कशाले लागते.

जांबच्या अलीकडं इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेवर गेला. मी कडुनिंबाखाली एका चहाच्या टपरीपाशी गाडी घेतली. टपरीवालीनं पोरीचं पोट पायलं अन् न विचारता खाट सावलीत ओढली, माठातलं पाणी दिलं, पायावरही ओतलं. दोन मिनिटांत प्रणिता तिच्याशी बोलायले लागली होती, किती पोरं, कोणती शाळा.

मी बॉनेट उघडलं. वाफ अंगावर आली. इवाई बाजूले येऊन उभे राहिले. आधी जाड पाइपाकडं पायलं, बोटानं रेक्झिन दाबलं, गोटेवरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

"मी अन् हनीफभाईनं."

"उत्तम केलं आहे. आमच्या प्लँटवर एवढं नीट नव्हतं." मग ते पुढं वाकले. "आणि हे काय?"

"सावली."

"कुणाला?"

"जाळीले. झळा लागू नये म्हणून."

"उमाटे भाऊ, गाडीतली सगळी गरमी ही जाळी बाहेर फेकते. हिला वारं लागतं. जेवढं मिळेल तेवढं कमी. तुम्ही तिच्या नाकातोंडावर रजई बांधली."

तीस वर्षं कूलर बनवले, हे सांगायची ती जागा नव्हती. त्यांनी नाड्या सोडल्या, लाळेरं काढलं. मी गाडीतून पाण्याची कॅन आणायले गेलो, तर मागच्या सीटवर थर्मामीटर पडलेलं. उचललं. छत्तीस.

ते घेऊन मी त्यांच्यापाशी आलो. "दिगंबरराव, हे छत्तीस दाखवून राहिलं."

"दार उघडं आहे गाडीचं."

"बुटीबोरीले किती होतं?"

लाळेऱ्यानं ते हात पुसून राहिले होते. एकेक बोट. "एकतीस," ते म्हणाले.

"तुम्ही सव्वीस म्हणाले."

"हो."

टपरीवालीचं पोरगं कुठं तरी बकरीमागं पळत होतं अन् प्रणिता त्याले पाहून हसत होती. इवाई तिकडं पाहत म्हणाले, "तीस वर्षं दूध तपासलं मी. एका डिग्रीसाठी टँकर परत पाठवले. माणसं पाया पडायची. कधी खोटा आकडा लिहिला नाही."

"मग?"

"लग्न झाल्यापासून आमच्याकडं ही एवढी बोलली नाही. आम्हाला वाटायचं, शांत स्वभाव असेल. पारा अठ्ठावीसच्या वर गेला तेव्हा मी तोंड उघडलं होतं, परत फिरवा म्हणायला. तेव्हाच तिनं माती दाखवली." त्यांनी लाळेऱ्याची घडी केली, कडा जुळवून, नीट. "नाडी बघत होतो मी. नाडी चांगली होती. मग आकडा सव्वीसच निघाला तोंडातून."

मी रेडिएटरवर पाणी टाकत होतो. टाकतच राहिलो. कॅन रिकामी झाली तरी धरून उभा होतो.

"एक करा," ते म्हणाले. "हिच्या सासूला सांगू नका. ती मला घरात घेणार नाही."

"मी कशाले सांगू जी. मी तर एसी चालते म्हणून सांगतलं होतं तुम्हाले."

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही फोनवर 'हौ' म्हणाले, तेव्हाच."

अर्ध्या तासानं इंजिन निवलं. गाडी सुरू केली अन् वाऱ्याले मोकळी झालेली ती जाळी अशी कामाले लागली की जांबचा चौक ओलांडता ओलांडता काचेवर धुकं यायले लागलं. इवायांनी थर्मामीटर पुढं माझ्याकडं दिलं. "घ्या, तुम्हीच वाचा. माझ्यावर विश्वास राहिला नसेल."

"मी गाडी चालवून राहिलो ना जी."

"मग मी सांगतो. पंचवीस."

"खरं?"

"खरं."

प्रणिता मधात म्हणाली, "तुम्ही दोघं काय लावलं आहे? मले तर मघाशीही थंडच वाटत होतं."

इवायांनी थर्मामीटर खिशात घातलं अन् मी गिअर बदलला.

चारले घरी पोचलो. अर्धी गल्ली उन्हात बाहेर उभी, हनीफभाई सर्वात पुढं, बॉनेटकडं पाहत. मी मान हलवली, तेव्हा तो पोरीकडं वळला. बेबी दारात भाकरीचे तुकडे अन् तांब्या घेऊन उभी होती. तिनं प्रणितावरून तुकडा उतरवला, डावीकडं टाकला, उजवीकडं टाकला, पायांवर पाणी घातलं. पोरगी आईच्या गळ्यात पडली अन् तशीच आत गेली.

इवाई फाटकापाशीच राहिले होते. त्यांचा मोबाइल वाजला. "पोचलो," ते म्हणाले. "हो, आरामात. कुठं नाही थांबलो. सत्तावीसच्या वर गेलंच नाही. नाही गं, घामाचा थेंब नाही." शर्ट त्यांच्या पाठीले असा चिकटला होता की आतल्या बनियनची शिलाई मोजता यावी.

बेबी पुन्हा बाहेर आली होती. तिनं ते सगळं ऐकलं. शर्टाकडं पायलं, माझ्याकडं पायलं. मी नजर खाली घातली. तिनं टोपलीतून भाकरीचा आणखी एक तुकडा घेतला, फाटकापाशी गेली अन् त्यांच्यावरून ओवाळायले हात वर केला.

हात पुरेना. ढोमणे उंच माणूस. फोन कानाले तसाच ठेवून ते थोडे खाली वाकले.